इंटिग्रेशन टूल इन्स्टॉल झालं, पण सर्व्हिस उभी राहत नाही: तपासणी कुठून सुरू करावी

इंटिग्रेशन टूल म्हणजे वेगवेगळ्या सिस्टिम एकमेकींशी जोडणारं सॉफ्टवेअर. ईएसबी (सिस्टिमना जोडणारी मधली बस) असो, ईटीएल (डेटा काढून, बदलून दुसरीकडे भरणारं टूल) असो, मेसेज ब्रोकर असो की एपीआय गेटवे, इन्स्टॉलेशनच्या वेळी ही सगळी टूल्स साधारण एकाच पद्धतीने अडतात. त्यातली बरीचशी जावावर चालतात, काही डॉट नेटवर. बहुतेकांना डेटाबेस लागतो, सगळ्यांना पोर्ट लागतात आणि सगळ्यांना दुसऱ्या सिस्टिमशी बोलावं लागतं. हा बिघाड मी वेगवेगळ्या प्रॉडक्टवर पुन्हा पुन्हा दुरुस्त केला आहे आणि त्याचं मूळ प्रॉडक्टमध्ये क्वचितच सापडतं. इन्स्टॉलर चालवणारा माणूस एक आणि सर्व्हिस (पार्श्वभूमीवर सतत चालणारा प्रोग्रॅम) चालवणारं अकाउंट दुसरं, या फरकात ते दडलेलं असतं.

इन्स्टॉलर तुमच्या लॉगिनखाली चालतो. तुमचे अधिकार, तुमचा पाथ (प्रोग्रॅम शोधण्याच्या फोल्डरांची यादी), तुमची प्रॉक्सी (बाहेर जाण्यासाठीचा मधला सर्व्हर), तुमचं जावा त्याला मिळतं. सर्व्हिस वेगळ्या अकाउंटवर चालते आणि तिच्या हाती यातलं बहुधा काहीच येत नाही. सिस्टिम रिक्वायरमेंटच्या पडद्यावर दिसलेल्या हिरव्या खुणा तुमच्यासाठी असतात, सर्व्हिससाठी नाहीत. त्यामुळे खालच्या तपासण्या जिथे जिथे शक्य आहे तिथे सर्व्हिसच्याच अकाउंटने करा.

लक्षणं

- इन्स्टॉलर फाइल्स उलगडताना मध्येच थांबतो, किंवा शेवटाला येऊन केलेलं सगळं मागे घेतो.
- इन्स्टॉलेशन यशस्वी म्हणतं, पण सर्व्हिस सुरू होऊन लगेच बंद पडते. विंडोजवर 1053, 1067 किंवा 1069 हा एरर क्रमांक दिसतो.
- स्टार्ट स्क्रिप्ट हाताने चालवली की सगळं ठीक, सर्व्हिस म्हणून सुरू केली की नाही.
- काही आठवडे सुरळीत चालतं, मग सर्व्हरचं पॅचिंग किंवा रीस्टार्ट झाला की उठत नाही.
- ॲडमिन कॉन्सोल उघडतो, पण डेटाबेसशी किंवा बाहेरच्या सिस्टिमशी कनेक्शन होत नाही.

तिसरं आणि चौथं लक्षण असेल तर प्रॉडक्ट काढून पुन्हा टाकू नका. पुन्हा इन्स्टॉल केल्यावर ते तात्पुरतं चालेल, पण पुढच्या पॅचिंगला तुम्ही परत इथेच याल.

आधी लॉग, आणि लॉगमधली योग्य ओळ

पैसे लागत नाहीत, काही बिघडत नाही, तरी ही पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. लॉग दोन असतात. इन्स्टॉलरचा लॉग बहुधा टेम्प फोल्डरमध्ये किंवा युजरच्या होम फोल्डरमध्ये पडतो, आणि सर्व्हिसचा लॉग प्रॉडक्टच्या स्वतःच्या लॉग फोल्डरमध्ये. लिनक्सवर सिस्टिमडीचं (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेचं) जर्नल आणि विंडोजवर इव्हेंट व्ह्यूअरही उघडा. सर्व्हिस स्वतःचा लॉग लिहिण्याआधीच मेली असेल तर खूण फक्त तिथेच उरते.

वाचताना वेळेनुसार सगळ्यात पहिला एरर शोधा. त्याच्यानंतरचे बहुतेक एरर त्याच्याच पोटातून आलेले असतात. जावाचा स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठे पोहोचला त्याची यादी) असेल तर त्या एका ट्रेसमध्ये मात्र उलटं करायचं: सगळ्यात खालचं 'कॉज्ड बाय' वाचायचं, कारण मूळ कारण तळाला असतं. विंडोजच्या एमएसआय इन्स्टॉलरचा 1603 हा क्रमांक एकटा काहीच सांगत नाही. इन्स्टॉलर सविस्तर लॉगसह पुन्हा चालवा, लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू 3' शोधा आणि त्याच्या वरच्या ओळी वाचा. 1618 म्हणजे दुसरं कुठलं तरी इन्स्टॉलेशन त्याच वेळी चालू आहे, थांबून पुन्हा करा. 3010 हे अपयश नाहीच: काम झालं आहे, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. ऑटोमेशन स्क्रिप्ट 3010 ला अपयश समजून सगळं थांबवतात, तेव्हा स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला हे जरूर सांगा.

डाउनलोड केलेली फाइल

मोठा इन्स्टॉलर दोन-तीन सर्व्हरवरून कॉपी होत होत आलेला असतो. प्रॉडक्टच्या डाउनलोड पानावर दिलेला शा-256 चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) आणि तुमच्या फाइलचा चेकसम जुळवून पाहा. जुळला नाही तर पुढे काहीही तपासण्यात अर्थ नाही. विंडोजवर इंटरनेटवरून आलेल्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' दिसत असेल तर ते झिप उलगडण्यापूर्वी करा, नाहीतर ब्लॉकची खूण आतल्या फाइल्सनाही लागते. विंडोजवर बनवलेली कॉन्फिग किंवा स्क्रिप्ट लिनक्सवर नेली असेल तर ओळींचे शेवट तपासा (दोन्ही सिस्टिम ते वेगळ्या चिन्हांनी लिहितात). 'बॅड इंटरप्रिटर' हा एरर जवळजवळ नेहमी त्यामुळेच येतो.

जागा, पण फक्त एका डिस्कवरची नाही

रिक्वायरमेंटमध्ये लिहिलेली जागा ही प्रॉडक्टच्या फोल्डरसाठी असते. इन्स्टॉलर आधी स्वतःला टेम्प फोल्डरमध्ये उलगडतो, म्हणजे तिथेही जागा हवी, आणि सर्व्हरवर टेम्प अनेकदा वेगळ्या लहान पार्टिशनवर असतं. सुरक्षेसाठी कडक केलेल्या लिनक्स सर्व्हरवर टेम्प 'नोएक्झेक' पर्यायाने माउंट केलेलं असतं. तिथे जागा भरपूर दिसते, पण तिथून काहीही चालवता येत नाही, आणि इन्स्टॉलर 'परमिशन डिनाइड' म्हणतो. सिक्युरिटी टीमची सेटिंग काढायला लावू नका. इन्स्टॉलरला दुसरं टेम्प फोल्डर द्या. इन्स्टॉलएनीव्हेअरने बनवलेल्या इन्स्टॉलरसाठी 'आयएटेम्पडिर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला सिस्टिमकडून मिळणारी सेटिंग) असतं, आणि जावाला टेम्पची जागा सुरू करतानाच सांगता येते.

'जागा नाही' असा एरर आणि डिस्क मात्र अर्धी रिकामी, असं असेल तर आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपलेत का पाहा. लाखो लहान मेसेज फाइल्स साठवणाऱ्या इंटिग्रेशन सर्व्हरवर हे होतंच.

आणखी एक, ज्याचा शोध घ्यायला लोकांना फार वेळ लागतो. अनेक लिनक्सवर सिस्टिमडी टेम्पमधल्या दहा दिवस न वापरलेल्या फाइल्स आपोआप पुसतं. प्रॉडक्टमधल्या वेब सर्व्हरने आपलं कामाचं फोल्डर टेम्पमध्येच ठेवलं असेल तर काही दिवसांनी फाइल अपलोड अचानक बंद पडतात, रीस्टार्ट केलं की चालू होतात, आणि पुन्हा तेच. टेम्प प्रॉडक्टच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हलवलं की हे कायमचं सुटतं.

विंडोजवर इन्स्टॉलेशनचं फोल्डर मुळापाशी आणि नाव छोटं ठेवा, नावात स्पेस नको. पाथची जुनी मर्यादा 260 अक्षरांची आहे, आणि जावाच्या लायब्ररींची खोल फोल्डरं ती पटकन ओलांडतात.

जावा: कोणतं, कुठलं आणि कोणासाठी

इथे सर्वाधिक वेळ द्या. टर्मिनलमध्ये जावाची आवृत्ती विचारली आणि बरोबर उत्तर आलं, यावर थांबू नका. ते उत्तर तुमच्या पाथमधल्या जावाचं आहे. सर्व्हिस जावा उचलते ती जावा होममधून (जावाचं फोल्डर सांगणाऱ्या व्हेरिएबलमधून), स्वतःच्या कॉन्फिग फाइलमधून किंवा प्रॉडक्टसोबत आलेल्या फोल्डरमधून. एकाच सर्व्हरवर तीन जावा असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' असा एरर असेल तर त्यातला आकडाच उत्तर सांगतो: 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17, 65 म्हणजे 21. प्रॉडक्टला जो आकडा हवा आहे त्यापेक्षा जुनं जावा सर्व्हिसला मिळतं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

उलट बाजूही तितकीच त्रासाची आहे. 'सगळ्यात नवं जावा टाकलं आहे, अजून काय हवं?' असं म्हणणारे बरेच भेटतात. जावा 11 मधून एक्सएमएल बाइंडिंगसारखे काही जुने भाग काढून टाकले गेले. जावा 17 ने आतल्या क्लासेसना बाहेरून हात लावण्याची मुभा जवळपास बंद केली. जुनं टूल नव्या जावावर 'क्लास डेफिनिशन सापडत नाही' किंवा 'इनॲक्सेसिबल ऑब्जेक्ट' म्हणत पडतं. प्रॉडक्टच्या सपोर्ट मॅट्रिक्समध्ये (चालणाऱ्या आवृत्त्यांच्या तक्त्यात) जी आवृत्ती लिहिली आहे तीच टाका, आणि कोणत्या कंपनीचं जेडीके (जावाचा पूर्ण संच) चालतं तेही तिथेच पाहा. काही टूल्सना पूर्ण जेडीके लागतं, नुसतं जेआरई (फक्त चालवण्यापुरतं जावा) पुरत नाही.

आता पॅचिंगनंतर उठत नाही हे लक्षण. रेड हॅट वंशातल्या लिनक्सवर ओपनजेडीकेच्या फोल्डरच्या नावात पूर्ण पॅच क्रमांक असतो. जावा होममध्ये तोच पूर्ण पाथ लिहिला असेल तर पुढच्या अपडेटला ते फोल्डर नाहीसं होतं. चालू प्रोसेस तग धरते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. रीस्टार्टला सर्व्हिस पडते. जावा होममध्ये पॅच क्रमांक नसलेली सिमलिंक (खऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारं नाव) द्या.

आणि हाताने चालतं, सर्व्हिस म्हणून नाही, हे लक्षण. सिस्टिमडी तुमची बॅश प्रोफाइल (लॉगिन करताना लागू होणारी सेटिंग फाइल) वाचत नाही. तिथे लिहिलेलं जावा होम सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सिस्टिमडी वाचतं त्या सेटिंग फाइलमध्ये) स्वतंत्र लिहावं लागतं. विंडोजवर सिस्टिम व्हेरिएबल बदलल्यावर लोकल सिस्टिम अकाउंटखाली चालणाऱ्या सर्व्हिसला तो बदल मशीन रीस्टार्ट होईपर्यंत दिसत नाही, आणि तुम्ही जोडलेली नेटवर्क ड्राइव्हची अक्षरं तर सर्व्हिसला दिसतच नाहीत. तिथे सर्व्हरच्या नावासकट पूर्ण नेटवर्क पाथ द्या. लिनक्सवर चालू प्रोसेसला प्रत्यक्षात काय मिळालं हे प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली 'एन्व्हायरन' फाइलमध्ये वाचता येतं. वाद मिटवायला याहून चांगला पुरावा नाही.

अकाउंट आणि अधिकार

विंडोजवरचा 1069 म्हणजे सर्व्हिसला लॉगिनच करता आलं नाही. पासवर्डची मुदत संपली आहे, कोणीतरी तो बदलला आहे, किंवा अकाउंटला 'लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस' हा अधिकार नाही. तुम्ही मशीनवर तो अधिकार दिला आणि काही वेळाने तो पुन्हा गायब झाला, तर डोमेनची ग्रुप पॉलिसी (कंपनीने सगळ्या मशीनना एकत्र लावलेले नियम) तो पुसते आहे. मशीनवर कितीही वेळा दिला तरी टिकणार नाही. एडी (ॲक्टिव्ह डिरेक्टरी) टीमलाच पॉलिसीत घालायला सांगा.

लिनक्सवर एक प्रकार इतका नेहमीचा आहे की मी लॉगच्या बरोबरीने तो पाहतो. सर्व्हिस उठत नाही म्हणून कोणीतरी रूट (सर्वाधिकारी अकाउंट) होऊन स्क्रिप्ट चालवतो. ती चालते. त्या एका वेळी तयार झालेल्या लॉग, लॉक आणि डेटा फाइल्सची मालकी रूटकडे जाते. पुढच्या वेळी सर्व्हिसचं अकाउंट त्यांना हात लावू शकत नाही, आणि मूळ कारण सुधारलं तरी सर्व्हिस पडतच राहते. प्रॉडक्टच्या पूर्ण फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फाइल्स शोधा आणि ज्या सर्व्हिसच्या असायला हव्यात त्यांची मालकी तिला परत द्या.

उघड्या फाइल्सची मर्यादा हाही याच घराण्यातला मुद्दा. लिनक्सवर ती बहुधा 1024 असते आणि इंटिग्रेशन टूलला प्रत्येक कनेक्शन, प्रत्येक फाइल मोजून ती अपुरी पडते. लोक लिमिट्स कॉन्फमध्ये (लॉगिनच्या मर्यादांच्या फाइलमध्ये) आकडा वाढवतात, स्वतः लॉगिन करून तपासतात, वाढलेला दिसतो. सिस्टिमडीच्या सर्व्हिसला ती फाइल लागूच होत नाही. युनिट फाइलमध्ये 'लिमिट नो फाइल' लिहा आणि मग प्रॉक फोल्डरमधल्या त्या प्रोसेसच्या 'लिमिट्स' फाइलमध्ये खात्री करा.

एसईलिनक्स (लिनक्समधली सुरक्षा व्यवस्था) किंवा अँटिव्हायरस अडवत असल्याची शंका आली तर त्यांचे लॉग पाहा आणि प्रॉडक्टच्या फोल्डरपुरता अपवाद मागा. कायमचे बंद करणं हा उपाय नाही.

पोर्ट

'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असेल तर पोर्ट कोणी धरला आहे ते पाहा. 8080 वर तर कोणी ना कोणी बसलेलंच असतं. बरेचदा ती त्याच प्रॉडक्टची आधीची, नीट न मेलेली प्रोसेस असते.

कधी चालतं कधी नाही, असं असेल तर पोर्टचा आकडा नीट बघा. बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी लिनक्स स्वतः 32768 ते 60999 मधले पोर्ट वापरतं, आणि विंडोज 49152 ते 65535 मधले. तुमच्या टूलचा ऐकण्याचा पोर्ट या पट्ट्यात असेल तर रीस्टार्टच्या क्षणी तो दुसऱ्या कुणाच्या तात्पुरत्या कनेक्शनने घेतलेला असू शकतो. पोर्ट पट्ट्याबाहेर हलवा, किंवा तो राखून ठेवा. विंडोजवर हायपर-व्ही काही पट्टे स्वतःसाठी राखतं. तिथे पोर्ट कोणीच वापरत नाही असं दिसतं, तरी तो मिळत नाही. राखीव पोर्टची यादी नेटएसएच कमांडने दिसते. लिनक्सवर 1024 च्या खालचा पोर्ट साध्या अकाउंटला मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

मेमरी

रिक्वायरमेंटमधला रॅमचा आकडा बहुधा त्या टूलपुरता असतो. त्याच मशीनवर डेटाबेस, मॉनिटरिंग एजंट, अँटिव्हायरस असतील तर त्यांची बेरीज तुम्हालाच करावी लागते. जावाचा हीप (प्रोग्रॅमच्या डेटासाठी राखलेली मेमरी) म्हणजे पूर्ण प्रोसेस नव्हे, थ्रेड आणि इतर गोष्टी त्याच्या बाहेर असतात, म्हणून मशीनची सगळी रॅम हीपला देऊ नका. लॉग मध्येच तुटलेला आणि एरर कुठेच नाही, तर कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. कंटेनर 137 क्रमांकाने बंद पडला असेल तर तो सक्तीने मारला गेला आहे, आणि बहुतेक वेळा कारण मेमरीची मर्यादा असतं. हीप सांगितला नाही तर जावा उपलब्ध मेमरीचा साधारण चौथा भाग घेतं. कंटेनरला कमी मेमरी दिली की टूलला फारच थोडा हीप उरतो.

विंडोजचा 1053 मेमरीशी निगडित असू शकतो. सर्व्हिसने 30 सेकंदांत प्रतिसाद दिला नाही एवढंच तो सांगतो. हळू मशीनवर सर्व्हिस मरत नसते, तिला वेळ पुरत नसतो.

नेटवर्क, प्रॉक्सी, सर्टिफिकेट

पिंग लागतो म्हणजे रस्ता मोकळा आहे असं नाही. फायरवॉल पोर्टनुसार अडवतं. म्हणून नेमका पोर्ट तपासा: ओरॅकलचा 1521, एसक्यूएल सर्व्हरचा 1433, पोस्टग्रेसचा 5432, आयबीएम एमक्यूचा 1414, काफ्काचा 9092, अर्थात तुमच्याकडे बदललेला नसेल तर. कनेक्शन लगेच नाकारलं गेलं तर बहुधा पलीकडे कोणी ऐकत नाही. बराच वेळ वाट पाहून टाइमआउट झालं तर मध्ये फायरवॉल असण्याची शक्यता जास्त. या एका निरीक्षणाने तिकीट योग्य टीमकडे जातं.

एन्व्हायर्नमेंटमध्ये लिहिलेली प्रॉक्सी जावा आपणहून वाचत नाही. कर्लने (कमांडने लिंक उघडणाऱ्या टूलने) लिंक उघडते आणि टूलमधून नाही, याचं हे पहिलं कारण. जावाच्या स्टार्ट पर्यायांत प्रॉक्सी वेगळी द्या, आणि आतल्या सर्व्हरची नावं प्रॉक्सीतून वगळा.

'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' म्हणजे समोरच्या सर्टिफिकेटवर सही करणारी संस्था जावाच्या ट्रस्टस्टोअरमध्ये (विश्वासू संस्थांच्या यादीत) नाही. कंपनीची प्रॉक्सी ट्रॅफिक उलगडून पाहत असेल तर कंपनीचं रूट सर्टिफिकेट कीटूलने (जावासोबतच्या कमांडने) घालावं लागतं. ते जावाच्या स्वतःच्या सीएसर्ट्स फाइलमध्ये घातलं तर नवं जावा आल्यावर ते मागे राहून जाऊ शकतं. प्रॉडक्टच्या फोल्डरमध्ये वेगळा ट्रस्टस्टोअर ठेवा आणि टूलला त्याचा पाथ द्या. सर्टिफिकेटची तपासणी बंद करणारा पर्याय चालू करू नका. याच टूलमधून पगार, ऑर्डर, ग्राहकांची माहिती वाहणार आहे.

जावा अपडेटनंतर जुन्या डेटाबेसशी हँडशेक (सुरक्षित कनेक्शनची सुरुवातीची बोलणी) होत नसेल तर टीएलएस (कनेक्शन सुरक्षित करणारी पद्धत) 1.0 आणि 1.1 कडे पाहा. एप्रिल 2021 च्या जेडीके अपडेटपासून हे दोन्ही मूळ सेटिंगमध्येच बंद आहेत. समोरचा सर्व्हर किंवा ड्रायव्हर 1.2 वर न्यावा लागेल. दोन्ही मशीनची घड्याळं जुळतात का तेही पाहा. कर्बेरॉस (लॉगिनची ओळख पटवणारी पद्धत) साधारणपणे 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही.

डेटाबेस

लायसन्समुळे काही जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणाऱ्या फाइल्स) प्रॉडक्टसोबत येत नाहीत. वेगळे आणून लिब फोल्डरमध्ये ठेवावे लागतात, आणि जुना ड्रायव्हर तिथून काढावा लागतो. दोन आवृत्त्या शेजारी राहिल्या की कोणती उचलली जाईल याचा भरवसा नाही. विंडोजवर ओडीबीसी (डेटाबेसशी जोडणीची दुसरी पद्धत) वापरत असाल तर 32 बिटचं आणि 64 बिटचं प्रशासन वेगळं आहे, आणि नावं उलटी वाटतील अशी आहेत: 64 बिटचं सिस्टिम32 फोल्डरमध्ये, 32 बिटचं सिसवाव64 मध्ये.

स्कीमा (टेबलांची रचना) तयार होण्याआधी कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) ठरवा. मायएसक्यूएलमध्ये यूटीएफ8एमबी4, ओरॅकलमध्ये एएल32यूटीएफ8. हे चुकलं तर इन्स्टॉलेशन होऊन जातं आणि पुढे देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात. साठलेली प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत.

अर्धवट इन्स्टॉलेशननंतर पुन्हा प्रयत्न केल्यावर टूल वाट पाहतच राहत असेल, आणि ते लिक्विबेस (डेटाबेसची रचना बदलणारं टूल) वापरत असेल, तर 'डेटाबेसचेंजलॉगलॉक' टेबलमध्ये जुना लॉक अडकलेला असतो. रिकाम्या टेस्ट डेटाबेसमध्ये तो तुम्ही सोडवू शकता.

इथे थांबा

प्रॉडक्शनच्या डेटाबेसमध्ये स्कीमा अपग्रेड अर्ध्यावर अडकला असेल तर लॉकला हात लावू नका, टेबलं हाताने बनवू नका. बॅकअप आहे याची खात्री करा आणि डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) व प्रॉडक्टच्या सपोर्टला एकत्र बोलवा. मास्टर की किंवा कीस्टोअरचा (गुप्त किल्ल्या ठेवलेल्या फाइलचा) पासवर्ड हरवला असेल तरी तसंच. पुन्हा इन्स्टॉल केलं तर साठवलेले सगळे कनेक्शन पासवर्ड वाचता येणार नाहीत. क्लस्टरमधला एकच नोड पडला असेल आणि बाकीचे चालू असतील, तर त्या नोडवर प्रयोग करण्याआधी तज्ज्ञाला विचारा. 'एचएस एरर' नावाची फाइल पडून जावाच कोसळत असेल तर ती फाइल वाचणं सपोर्टचं काम आहे. आणि ऑपरेटिंग सिस्टिम किंवा प्रोसेसरच सपोर्ट मॅट्रिक्समध्ये नसेल, उदाहरणार्थ रेड हॅट 9 ला लागणारी एक्स86-64-व्ही2 ही प्रोसेसरची पातळी व्हर्च्युअल मशीनला दिलेलीच नसेल, तर हा प्रश्न व्हर्च्युअलायझेशन टीमचा आहे. कॉन्फिग बदलून तो सुटत नाही.

तिकीट काढताना दोन्ही लॉग पूर्ण जोडा, स्क्रीनशॉट नको. प्रॉडक्ट, पॅच, ऑपरेटिंग सिस्टिम, जावा आणि ड्रायव्हर यांच्या नेमक्या आवृत्त्या लिहा. शेवटचं कधी चालत होतं आणि त्यानंतर काय बदललं, पॅच, पासवर्ड, फायरवॉल, सर्टिफिकेट, हे वेळेसकट लिहा. सर्व्हिस कोणत्या अकाउंटवर चालते तेही लिहा, कारण सपोर्टवाले पहिल्यांदा हेच विचारतात आणि त्यात एक दिवस जातो. पाठवण्याआधी लॉग आणि कॉन्फिगमधले पासवर्ड, टोकन आणि कनेक्शन स्ट्रिंग पुसून टाका.